वाचकांचे प्रश्न : कॉलेजमध्ये इन्क्युबेशन सेंटर काढताय?

मागच्या अंकात शिकता शिकता धंदा सुरू करणाऱ्या मुलांबद्दल थोडंसं लिहिलं होतं, त्यावर भरपूर मेल आले. मुलांचे आलेच, पण प्राध्यापकांचे, प्राचार्यांचे, आईवडिलांचे पण आले, आणि जवळजवळ सगळ्यांचा विषय एकच, कॉलेजात किंवा विद्यापीठात मुलांच्या धंद्याला हात देणारं सेंटर, म्हणजे इन्क्युबेशन सेंटर किंवा इन्क्युबेटर, काढायचं तर कसं, आणि निघालं तर त्याचा फायदा कसा घ्यायचा. म्हणून या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

ताई नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. मॅनेजमेंटने यंदा इन्क्युबेशन सेंटर काढायचं ठरवलंय. तळमजल्यावरचा मोठा हॉल मिळालाय, इंटिरिअरवाल्याचं कोटेशन पण आलंय, काचेच्या केबिन, बीन बॅग वगैरे. कोऑर्डिनेटर मला केलंय, दोन थिअरी आणि नॅकचं, म्हणजे कॉलेजच्या दर्जा तपासणीचं काम आहेच. सुरुवात कुठून करू? — एक असिस्टंट प्रोफेसर

मॅडम, सगळ्यात आधी ते कोटेशन बाजूला ठेवा. हॉल आहे, लाइट-पंखे चालू आहेत, त्यात चार टेबलं टाका आणि नेट घ्या, बास झालं. इंटिरिअरला जे पैसे जाणार आहेत त्यात एका चांगल्या पूर्णवेळ मॅनेजरचा निदान वर्षभराचा पगार निघेल, आणि सेंटर चालतं ते या माणसावर. तुम्ही कितीही मनापासून राबलात तरी लेक्चर, प्रॅक्टिकल, पेपर तपासणी आणि नॅक यातून उरलेल्या वेळात हे काम होत नाही, कारण मुलं मोकळी होतात संध्याकाळी, कस्टमर भेटतो रविवारी आणि सप्लायरचा फोन येतो नेमका तुम्ही वर्गात असताना. नव्या धंद्यांना सुरुवातीचं भांडवल देणारी केंद्राची स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना २०२१ मध्ये आली, तिच्यात इन्क्युबेटरला पूर्णवेळ सीईओ असलाच पाहिजे अशी अट होती, ती उगाच घातलेली नव्हती.

आता माणूस कसा बघायचा, तर डिग्री बघत बसू नका. कुपवाड नाहीतर मिरज एमआयडीसीत ज्याने पंधरा-वीस वर्षं स्वतःचं युनिट चालवलंय, किंवा एखाद्या कारखान्यात परचेस सांभाळलाय, बिल नव्वद दिवस थकलं की पगार कुठून काढायचा हे ज्याने भोगलंय असा माणूस शोधा. असे लोक पन्नाशी-साठीत थोडे मोकळे होतात आणि पोरांमध्ये बसायला त्यांना आवडतं. त्यांना सिलॅबस येत नाही, तो तुम्ही बघा.

दुसरं म्हणजे वर्कशॉप. हे जरा सविस्तर सांगते कारण बहुतेक सेंटर इथेच अडकतात. मुलांची लेक्चर साडेचारला संपतात आणि वर्कशॉपला पाचला कुलूप लागतं. किल्ली लॅब असिस्टंटच्या ड्रॉवरमध्ये, आणि तो द्यायला तयार नसतो, मग मुलं त्याला नावं ठेवतात. पण त्याची बाजू बघा ना, डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे लॅबच्या सामानाची नोंदवही, त्याच्या सहीचं असतं, एक व्हर्नियर कॅलिपर हरवला तरी विचारणा त्याला होणार, कधी कधी वसुली पण त्याच्याच पगारातून. तो कुलूप लावणारच. मग हे सोडवायचं कसं, तर मुलांना लागणारी हत्यारं, छोटी मशीनं सेंटरच्या नावावर ट्रान्सफर करून वेगळं रजिस्टर करायचं, जबाबदारी सेंटरच्या मॅनेजरची, आणि संध्याकाळी पाच ते नऊ एका इन्स्ट्रक्टरला जादा मानधन देऊन थांबवायचं, कारण लेथवर एकट्या पोराला सोडता येत नाही. २०१९ मध्ये केंद्राच्या तेव्हाच्या मनुष्यबळ विकास, म्हणजे आताच्या शिक्षण मंत्रालयाने आणि तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या एआयसीटीईने जी राष्ट्रीय नवोपक्रम आणि स्टार्टअप पॉलिसी आणली तिच्यात तर इन्क्युबेशनची सोय चोवीस तास आणि सगळ्या डिपार्टमेंटच्या मुलांना खुली असावी असं स्पष्ट म्हटलंय. तुमच्या प्राचार्यांपुढे ते पान ठेवा, रजिस्टरचा प्रश्न त्यांच्या सहीशिवाय सुटणार नाही.

तिसरं, पोरांना कॅम्पसच्या बाहेर काढा. तुमच्याच भागातलं सांगते. एका टीमने बेदाणा निवडायचं मशीन केलं होतं, कॅमेऱ्याने रंग ओळखून हिरवा, पिवळा आणि काळपट माल वेगळा करणारं. प्रदर्शनात बक्षीस मिळालं, पेपरात फोटो आला, सगळे खूश. मग त्यांचा मॅनेजर त्यांना मशीनसकट तासगावला एका बेदाणा शेडवर घेऊन गेला. शेडमालकाने मशीन शांतपणे बघितलं आणि विचारलं की माझा सीझन फेब्रुवारी ते एप्रिल, उरलेल्या महिन्यांत हे ठेवू कुठे? मग विचारलं, देठ निघतो का याने? मशीन रंग ओळखत होतं, देठाचा विचार कुणी केलाच नव्हता. आणि दुपारी ऊन चढल्यावर माल चिकट झाला तसे हॉपरमध्ये बेदाण्याचे गोळे व्हायला लागले, जे लॅबमधल्या एसीत कधी झालेच नव्हते. त्या एका दुपारीत पोरं जेवढं शिकली तेवढं अख्ख्या सेमिस्टरमध्ये शिकली नसती. नंतर ती कोल्ड स्टोरेज आणि ग्रेडिंगवाल्यांकडे गेली, तिथे साठवलेल्या मालाचं काम वर्षभर चालतं, आणि मशीन विकायचा नाद सोडून किलोमागे दर लावून माल निवडून द्यायला लागली. हा बदल कुठल्याही गेस्ट लेक्चरमधून आला नसता. म्हणून सेंटरच्या बजेटमध्ये प्रवासखर्चाचं वेगळं हेड ठेवा, एसटीचं तिकीट आणि टेम्पोचं भाडं विनाकटकट मिळालं पाहिजे.

पहिल्या वर्षी चार-पाच टीम पुरे. आयआयटी मुंबईत सुद्धा १९९९ मध्ये आयटी स्कूलच्या आवारात एक छोटं प्रायोगिक इन्क्युबेटर सुरू झालं आणि त्यातून पुढे २००४ मध्ये साइन ही वेगळी संस्था उभी राहिली. तुम्ही पण वर्षभर हातपाय मारून बघा, मग सेक्शन ८ कंपनी, म्हणजे नफा वाटून न घेणारी कंपनी, किंवा सोसायटी रजिस्टर करा. ती मात्र करायला हवीच, कारण वेगळी संस्था नसेल तर स्टार्टअपमध्ये शेअर घेणं, सरकारी ग्रँट घेणं, वेगळं बँक खातं चालवणं सगळंच अवघड जातं, प्रत्येक चेक ट्रस्टच्या मीटिंगची वाट बघत राहतो. बोर्डावर ट्रस्टचे दोघं असू देत, पण बाहेरचे उद्योजक त्यांच्यापेक्षा जास्त हवेत.

मी थर्ड इयर मेकॅनिकलला आहे. आम्ही चौघं मिळून एक प्रॉडक्ट करतोय, कॉलेजच्या सेंटरमध्ये टीम सिलेक्ट पण झालीय. पण कॉलेज म्हणतं कंपनीतला १५ टक्के हिस्सा (इक्विटी) द्या आणि पेटंट कॉलेजच्या नावावर. अटेंडन्स पण कमी पडतोय, डिटेन करतील अशी भीती आहे. काय करू? — विद्यार्थी, नाशिक

घाबरू नकोस, पण कुठल्याही कागदावर घाईत सही पण करू नकोस. वर जी २०१९ ची पॉलिसी सांगितली ती डाउनलोड करून चौघांनी बसून वाचा. त्यात म्हटलंय की जागा, सीड फंड, प्राध्यापकांचा वेळ, मशीनरी असा जो सपोर्ट कॉलेज देईल त्याच्या बदल्यात २ ते ९.५ टक्के इक्विटी घेता येते. म्हणजे १५ त्यात बसत नाही. आणि ९.५ हा वरचा आकडा झाला, नुसतं टेबल-खुर्ची दिली तर तेवढा कुणी मागू नये. आता ही पॉलिसी म्हणजे कायदा नाही, मार्गदर्शक चौकट आहे, कॉलेजने ती स्वीकारून स्वतःचे नियम करायचे असतात. म्हणून पहिला प्रश्न हाच विचार की सर, आपल्या कॉलेजने ही पॉलिसी स्वीकारलीय का, त्याची कॉपी मिळेल का. नम्रपणे आणि लेखी विचार, मेल कर. बऱ्याच ठिकाणी १५ टक्के कुणी मुद्दाम लुबाडायला मागत नाही, कुणालाच माहिती नसतं आणि कुणीतरी एक आकडा टाकून मोकळं होतं.

पेटंटचं असं आहे की कॉलेजच्या लॅबचा, फंडाचा भरपूर वापर झाला असेल किंवा ते काम तुमच्या सिलॅबसचाच भाग असेल तर मालकी तुमची आणि कॉलेजची संयुक्त. आणि कॉलेजचं काहीच न वापरता, सिलॅबसच्या बाहेर तुम्ही केलं असेल तर पूर्ण तुमची. एकट्या कॉलेजची, हे त्या चौकटीत बसत नाही. म्हणून काय कुठे केलं, कुठलं मशीन कधी वापरलं याची एक साधी वही आजपासून ठेवा, तारखेसकट.

आणि एक फार महत्त्वाचं. आविष्कारसारख्या विद्यापीठाच्या संशोधन स्पर्धेत किंवा कुठल्याही प्रदर्शनात मांडायच्या आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता पेटंट अर्ज टाका. एकदा जगाला दाखवलं की ते नवीन राहत नाही आणि पेटंट अडकतं. व्यक्तीच्या किंवा स्टार्टअपच्या नावाने ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे, आणि त्यानंतर कंप्लीट स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचा पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. ड्राफ्टिंगचा खर्च वेगळा, तो सेंटरने करावा, सेंटर असतं कशाला.

अटेंडन्सबद्दल पण त्याच पॉलिसीत आहे, की स्टार्टअपवर काम करणाऱ्या मुलांना हजेरी कमी असली तरी संस्थेच्या परवानगीने परीक्षेला बसू द्यावं. मिनी प्रोजेक्ट, मेजर प्रोजेक्ट, समर ट्रेनिंग याच्या जागी स्टार्टअपचं काम धरता येतं, ते तर नक्की माग, त्याने तुझे बरेच तास वाचतील. फक्त परवानगी आधी घ्यायची असते, सेमिस्टर संपताना अर्ज घेऊन गेलास तर एचओडी काहीच करू शकत नाहीत.

शेवटचं, जे तू विचारलं नाहीस. चौघांनी पंचवीस-पंचवीस टक्के वाटून घेतलेत ना? पुढच्या वर्षी प्लेसमेंट येईल, एक जण बंगळुरूला जाईल आणि त्याचे पंचवीस टक्के तसेच राहतील, मग नवीन गुंतवणूकदार विचारेल हा कोण. म्हणून आत्ताच, दोस्ती चांगली असताना, लिहून घ्या की शेअर चार वर्षांत हळूहळू प्रत्येकाचे पक्के होतील, पहिल्या वर्षात सोडलं तर काहीच मिळणार नाही. सेंटरच्या सीएकडून किंवा वकिलाकडून हा करार करून घ्या.

मुलगा पुण्याला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कंपनीत सिलेक्शन झालंय, पण तो म्हणतो जॉइन होणार नाही, कॉलेजच्या सेंटरमध्ये राहून कंपनी काढणार. आमची तीन एकर कोरडवाहू जमीन, शिक्षणाचं कर्ज चालू आहे. त्याच्या आईला झोप नाही. त्याला काय सांगावं? — वडील, लातूर जिल्हा

दादा, तुमची काळजी अगदी रास्त आहे आणि मुलाचं पण वय हेच असतं असं काहीतरी करायचं, म्हणून दोघांपैकी कुणालाच मी चूक म्हणणार नाही. त्याला रागावण्याआधी तीन प्रश्न शांतपणे विचारा. कुणी पैसे देऊन त्याची वस्तू किंवा सर्व्हिस घेतलीय का, एकाने तरी? महिन्याला त्याला स्वतःला जगायला किती लागतात आणि ते कुठून येणार? आणि किती महिने करून बघणार?

पहिल्याचं उत्तर हो असेल तर त्याच्या म्हणण्यात दम आहे. दुसऱ्यासाठी मार्ग आहेत. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची निधी नावाची योजना आहे, तिच्यात आंत्रप्रेन्युअर इन रेसिडेन्स म्हणून फेलोशिप मिळते, महिन्याला ३०,००० पर्यंत, साधारण वर्षभर. ती ठरलेल्या इन्क्युबेटरमार्फत मिळते आणि निवड होते, सगळ्यांना मिळत नाही. त्याने अर्ज केलाय का विचारा. केला नसेल तर आधी तो कर म्हणावं, निवड समितीपुढे बसला की त्याच्या आयडियाची परीक्षा पण होते. मुलाची आयडिया एखाद्या वस्तूची, मशीनची असेल तर त्याच निधीमध्ये प्रयास म्हणून आहे, प्रोटोटाइपसाठी, म्हणजे पहिल्या नमुन्यासाठी १० लाखांपर्यंत, पण ते पैसे प्रॉडक्टवरच खर्च करायचे असतात, घर चालवायला नाहीत, हे लक्षात घ्या.

शिक्षणकर्जाचं बँकेत जाऊन विचारा, कोर्स संपल्यावर हप्ता सुरू व्हायच्या आधी बहुतेक कर्जांना काही काळ सवलत असते, तुमच्या मंजुरीपत्रात तारीख असेल. ती तारीख हीच मुदत धरा. तोपर्यंत पगार सुटण्याइतकं काही उभं नाही राहिलं तर नोकरी धरायची आणि धंदा संध्याकाळी करायचा, हे दोघांच्या संमतीने आजच ठरवून टाका. कंपनीला पण त्याने लेखी विचारावं की जॉइनिंग सहा महिने पुढे ढकलता येईल का, विचारायला पैसे पडत नाहीत.

आणि एक गोष्ट मी अगदी ठामपणे सांगते. जमीन गहाण टाकायची नाही, आईचं सोनं ठेवायचं नाही, आणि कुठल्याही कर्जाला जामीन राहायचं नाही. विद्यार्थ्याचा धंदा ग्रँटवर आणि गिऱ्हाइकाच्या पैशावर उभा राहायला हवा, त्यासाठीच ही सेंटर असतात. तुमच्या घरावर तो उभा करायला सांगणारं सेंटर असेल तर मुलाला तिथून बाहेर काढा.

मी रत्नागिरी जिल्ह्यात टीवाय बीकॉमला आहे. आमच्या घरचं कोकम आगळ आणि सरबत मुंबईच्या नातेवाइकांमध्ये जातं, मला त्याचा ब्रँड करायचाय. सेंटरमध्ये गेले तर सगळे अॅप आणि एआय बोलत होते, मला वाटलं हे आपल्यासाठी नाहीच. मी चुकीच्या जागी गेले का? — विद्यार्थिनी

अजिबात नाही गं. धंदा तर तुझाच खरा चालू आहे, त्या खोलीत किती जणांकडे पैसे देणारे गिऱ्हाईक होते विचारून बघ. पण तुझी गरज वेगळी आहे हे खरं. तुला कोडिंगवाला मेंटर नको, तुला हवा फूड टेक्नॉलॉजीवाला, जो सांगेल की सरबताची बाटली मे महिन्यात फुगते का, साखर किती ठेवायची, बाटली कुठल्या तापमानाला भरायची, आणि सहा महिने टिकते हे लॅबच्या रिपोर्टने कसं सिद्ध करायचं. नातेवाइकांना घरची बाटली चालते, दुकानदाराला एक्सपायरी डेट लागते.

त्यासाठी दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ गाठ, १९७२ पासून आहे, आंबा, काजू, कोकम यांच्या प्रक्रियेवर तिथे भरपूर काम झालंय. किल्ला-रोह्याला त्यांचं काढणीपश्चात व्यवस्थापनाचं कॉलेजच आहे. कृषी विभागाकडे पीएमएफएमई ही योजना आहे, २०२० मध्ये आलेली, छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी. तिच्यात प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, अनुदान मिळतं, पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं असतं, म्हणून आत्ताच धावू नकोस. त्याच योजनेत कॉमन इन्क्युबेशन सेंटर पण असतात, तिथली मशीनं भाड्याने वापरता येतात. पहिला सीझन असाच काढ. स्वतःचं पाश्चरायझर घ्यायची घाई नको. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, ऑनलाइन फुकट होते, एजंटला पैसे देऊ नकोस. एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची नोंदणी मात्र बाटली विकायच्या आधी हवी, घरातून धंदा असला तरी. गोव्याच्या बाजूला जाणं जमत असेल तर फातोर्ड्याला डॉन बॉस्को इंजिनिअरिंग कॉलेजात फायर म्हणून इन्क्युबेटर आहे, वेर्ण्याला सिबा आहे, त्यांच्याशी फोनवर बोलून बघायला हरकत नाही.

आणि तुझ्या कॉलेजच्या सेंटरकडे पण हक्काने जा. कॉस्टिंग, जीएसटी, लेबलचं डिझाइन, ऑनलाइन विक्री, कुरिअरमध्ये काचेची बाटली फुटू नये म्हणून पॅकिंग, हे सगळं तिथली बाकीची मुलं करू शकतात, एक बीकॉमची आणि एक कॉम्प्युटरचा अशी जोडी तर मस्तच जमते. सेंटर चालवणाऱ्यांना पण इथेच सांगते, पोस्टरवर फक्त टेक स्टार्टअप लिहू नका, मुली आणि आर्ट्स-कॉमर्सची मुलं दारातूनच परत जातात. आणि सगळ्या मीटिंगा रात्री आठला ठेवल्या तर हॉस्टेलच्या गेटमुळे मुली आपोआप बाद होतात, महिन्यातल्या निम्म्या तरी दुपारी ठेवा.

आमचं ग्रँटेड आर्ट्स-सायन्स-कॉमर्स कॉलेज आहे, खानदेशात. सेंटर काढायची इच्छा आहे पण पैसे कुठून आणायचे? आणि ट्रस्टी विचारतात की किती वर्षांत स्वतःच्या पायावर उभं राहील. — प्राचार्य

सर, सेंटर स्वतंत्र काढायच्या आधी आपल्या विद्यापीठाचं बघा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ मध्ये नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य यासाठी मंडळ आणि संचालक अशी तरतूदच आहे. तुमच्याकडे जळगावला बहिणाबाई विद्यापीठात केसीआयआयएल हे त्यांचं इन्क्युबेशन सेंटर आहेच. लॅब, वकील, सीए, पेटंट हे तिथून घ्या आणि तुमच्या कॉलेजात फक्त सुरुवातीचा टप्पा करा, म्हणजे आयडिया तपासणं, गिऱ्हाईक शोधणं, पहिला नमुना. त्याला फार पैसे लागत नाहीत. एक मॅनेजर, प्रवास आणि छोटा प्रोटोटाइप फंड, एवढ्यात दोन वर्षं निघतात.

मोठ्या ग्रँटच्या मागे लगेच लागू नका. अटल इन्क्युबेशन सेंटरला नीती आयोगाकडून पाच वर्षांत १० कोटींपर्यंत मिळू शकत होते, पण १०,००० चौरस फूट बांधीव जागा दाखवावी लागायची. सीड फंड योजना २०२१ मध्ये ९४५ कोटींची आली, तिच्यात इन्क्युबेटर निदान दोन वर्षं चालू असावं, पंचवीस जणांची बसायची सोय असावी असल्या अटी. अशा योजना येतात, बदलतात, बंद होतात, अर्जाच्या वेळी काय चालू आहे ते बघायचं, पण तयारी दोन वर्षं आधीची लागते. सीएसआरचं, म्हणजे कंपन्या समाजकार्यासाठी देतात त्या पैशाचं म्हणाल तर कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत इन्क्युबेटरला दिलेला निधी धरला जातो, पण ते इन्क्युबेटर केंद्राच्या, राज्याच्या किंवा त्यांच्या संस्थेच्या पैशावर चालणारं असावं लागतं. म्हणजे थोडी का होईना सरकारी ग्रँट आधी, मग सीएसआर.

ट्रस्टींना मात्र खरं सांगा. भाड्यातून सेंटर चालत नाही, आणि इक्विटीतून पैसे यायला फार वेळ लागतो. आयडियाफोर्ज ही ड्रोनची कंपनी आयआयटी मुंबईच्या साइनमधली, २००७ ची, ती शेअर बाजारात आली २०२३ मध्ये. एथर २०१३ मध्ये आयआयटी मद्रासमध्ये इन्क्युबेट झाली, पहिली स्कूटर गिऱ्हाइकाच्या हातात पडली २०१८ मध्ये. हे देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या जागांचं झालं. म्हणून दर सहा महिन्यांनी ट्रस्टींपुढे जो कागद ठेवाल त्यात किती कार्यक्रम झाले, किती पाहुणे आले हे नको. किती टीमनी पहिलं बिल फाडलं, किती जणांनी दुसऱ्यांदा माल मागवला, किती मुलांनी सहा महिन्यांत आयडिया चालत नाही हे समजून सोडली आणि का, हे ठेवा. सोडलेल्या टीमची माहिती पण जपून ठेवा, पुढच्या वर्षीची मुलं तीच आयडिया घेऊन येतात.

आणि गिऱ्हाईक मिळवून द्यायचं काम सेंटरचं आहे हे विसरू नका. राज्याची नाविन्यता सोसायटी स्टार्टअप वीकमध्ये निवडलेल्या कंपन्यांना सरकारी खात्यात १५ लाखांपर्यंतचं काम देत आलीय, माझ्या मते पोरांसाठी कुठल्याही बक्षिसापेक्षा हे मोठं आहे. तुम्ही पण तुमच्या पातळीवर करू शकता की. कॉलेजची कॅन्टीन, हॉस्टेल, सोलरचं मेंटेनन्स, लायब्ररीचं सॉफ्टवेअर, यातलं एखादं काम मुलांच्या कंपनीला रीतसर टेंडरमधून द्या आणि बिल तीस दिवसांत चुकतं करा.

मी न्यू जर्सीला असतो, आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचने कॉलेजच्या सेंटरसाठी पैसे जमवलेत. काहींची इच्छा आहे की इमारत बांधून द्यावी, बॅचचं नाव लागेल. तुमचं मत? — माजी विद्यार्थी

पैसे पाठवायच्या आधी एक तपासा. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी धरली जात नाही. पण ज्यांनी अमेरिकन नागरिकत्व घेतलंय, ओसीआय कार्ड असलं तरी, त्यांचे पैसे घ्यायला त्या संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नवीन सेक्शन ८ कंपनीकडे ही नोंदणी असणार नाही, कारण तिच्यासाठी साधारण तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. तर दोन याद्या करा आणि कॉलेजच्या सीएशी बोलून मगच ट्रान्सफर करा.

इमारत नको हो. मुलांचं अडतं ते साडेतीन हजारांच्या सेन्सरवर. कॉलेज सांगतं, आधी स्वतः खर्च करा, बिल कॉलेजच्या नावाने आणा, तीन कोटेशन लावा, मग मार्चनंतर पैसे, असं चालतं, आणि ज्याच्याकडे साडेतीन हजार नाहीत ते पोरगं तिथेच थांबतं. त्यापेक्षा तुमच्या बॅचचा फंड करा, एका टीमला पंचवीस हजारांपर्यंत, अर्ज एका पानाचा, निर्णय आठवड्याच्या आत, पैसे आगाऊ आणि हिशोब नंतर. नाव त्या फंडाला द्या ना, इमारतीपेक्षा जास्त मुलांच्या तोंडी राहील.

आणि पैशांबरोबर वेळ द्या. बॅचमध्ये कुणी क्वालिटीमध्ये असेल, कुणी सेल्समध्ये, कुणी हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रत्येकाने एकच टीम घ्यायची आणि वर्षभर धरून राहायचं, दर महिन्याला बोलायचं. वेळ शनिवारी सकाळी इथली ठेवा, तुमच्याकडे शुक्रवारची रात्र असते, दोघांनाही जमतं. पहिला कॉल मॅनेजरबरोबर लावा आणि त्यालाच विचारा की या महिन्यात कुठल्या टीमचं काय अडलंय.